क्लार्क : एका शब्दाची कुळकथा

‘क्लार्क’ हा शब्द माहीत नाही असा माणूस आपल्याकडे सापडायचा नाही. बँकेत क्लार्क, मामलेदार कचेरीत क्लार्क, कोर्टात क्लार्क, शाळेत क्लार्क, वकिलाकडे क्लार्क. सरकारी खात्यांत त्याच्या दोन पोटजाती : एलडीसी आणि यूडीसी, म्हणजे लोअर डिव्हिजनवाला आणि अप्पर डिव्हिजनवाला. लग्नाच्या बाजारात या शब्दाला एके काळी बरा भाव होता, पण बोलण्यात मात्र तो कायम खालच्या पट्टीतच राहिला. ‘शेवटी क्लार्कच तो!’ किंवा ‘इंग्रजांनी आपल्याला शिकवलं ते क्लार्क तयार करायला’ ही वाक्यं आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

मी स्वतः याच जमातीतला. तेव्हा या शब्दाची चौकशी करणं माझ्याकडे ओघानेच आलं. चौकशीत जे हाती लागलं ते मात्र भलतंच निघालं. हा शब्द जन्माला आला चिठ्ठ्या टाकून जमीन वाटणाऱ्यांच्या तोंडी, वाढला देवाच्या सेवेत, मोठा झाला विद्वानांच्या घरी, काही शतकं त्याने माणसांची मान फाशीच्या दोरातून सोडवली आणि मग एकेक पायरी उतरत तो आमच्या टेबलापाशी येऊन बसला. तो का उतरला, हे समजून घेण्यासारखं आहे.

सुरुवात ग्रीक भाषेपासून करावी लागते. ग्रीकमध्ये ‘क्लेरोस’ म्हणजे चिठ्ठी, नशिबाचा कौल घेण्यासाठी टाकलेला खडा किंवा लाकडाचा तुकडा. जमिनीची वाटणी करताना अशा चिठ्ठ्या टाकत. म्हणून ज्याच्या वाट्याला जो तुकडा येई त्यालाही क्लेरोसच म्हणू लागले. पुढे ‘वाटा’, ‘वारसा’ हे अर्थही त्याला चिकटले. ज्यूंच्या धर्मग्रंथांचं ग्रीक भाषांतर झालं तेव्हा एका ठिकाणी हाच शब्द कामी आला. लेवी नावाच्या पुरोहितवंशाला इतर वंशांसारखी जमीन मिळाली नाही. त्यांचा वाटा म्हणजे खुद्द परमेश्वर, असं तिथे सांगितलं आहे. यातला ‘वाटा’ म्हणजे क्लेरोस. ख्रिस्ती धर्मात देवाच्या सेवेला वाहिलेल्या माणसाला याच अर्थाने ‘क्लेरिकोस’ म्हणू लागले. देव हाच ज्याचा वाटा, किंवा जो देवाच्या वाट्याला गेला, तो क्लेरिक, असा अर्थ संत जेरोमने चौथ्या शतकाच्या अखेरीस उलगडून सांगितला आहे.

इथे आपल्या लोकांना एक गोष्ट चटकन ओळखीची वाटेल. जमिनीचा वाटा, पिढीजात हक्क आणि लेखणी या तीन गोष्टी आपल्याकडेही एकाच माणसापाशी एकत्र आल्या होत्या. तो म्हणजे गावचा कुळकर्णी. कुळांची, म्हणजे जमीन कसणाऱ्यांची, लेखी नोंद ठेवणारा तो कुळकर्णी, आणि या कामाबद्दल त्याला मिळणारा पिढीजात हक्क ते त्याचं वतन. आमच्या गोव्यातल्या गावकरीतही गावच्या लेखनिकाला मोठा मान होता. 1526 साली अफोंसो मेशियाने फोराल तयार करून तिसवाडीच्या गावांच्या चालीरीती लिहून काढल्या, तेव्हा गावकारांबरोबर गावच्या लेखनिकाचीही नोंद त्याला घ्यावी लागली. गावकारांनी घेतलेला निर्णय, ज्याला ‘नेमो’ म्हणत, तो लिहायचा तर लिहिणारा हवाच. ग्रीकांच्या क्लेरोसचा आणि आपल्या वतनाचा भाषेच्या दृष्टीने काही संबंध नाही. पण लिहिता येणारा माणूस हा समाजातला राखीव माणूस, ही समजूत दोन्हीकडे सारखीच होती. मुंबई राज्यात कुळकर्णी वतनं 1950 च्या कायद्याने संपली. आडनावं तेवढी राहिली.

ग्रीकमधून हा शब्द लॅटिनमध्ये ‘क्लेरिकुस’ झाला आणि लॅटिनच्या लेकींमध्ये घरोघरी गेला. फ्रेंचमध्ये तो ‘क्लेर’, इंग्रजीत ‘क्लार्क’ आणि पोर्तुगीजमध्ये ‘क्लेरिगु’. गोव्यातल्या जुन्या कागदपत्रांत क्लेरिगु म्हणजे पाद्री. त्यातही कुठल्या संघात न गेलेला, बिशपच्या हाताखाली काम करणारा पाद्री. फ्रान्सिस्कन, दोमिनिकन वगैरे संघांतले ते ‘फ्रादी’ आणि हे क्लेरिगु. म्हणजे आमच्या या भूमीत हा शब्द एकदा पोर्तुगिजांबरोबर झगा घालून आला आणि 1961 नंतर दुसऱ्यांदा इंग्रजीचं बोट धरून, हातात फाईल घेऊन आला. दोन्ही सख्खे भाऊ, पण एकमेकांना ओळखतील तर शपथ!

पाद्र्याचा कारकून झाला कसा? याचं उत्तर मध्ययुगातल्या युरोपात आहे. त्या काळी तिथे लिहिता-वाचता येणं ही जवळजवळ चर्चचीच मिरास होती. राजाला पत्र लिहायचं असो, सरदाराचा हिशेब ठेवायचा असो की जमिनीचा करार करायचा असो, बोलवायचं क्लार्कला, म्हणजे पाद्र्याला किंवा निदान चर्चच्या शाळेत शिकून धर्मसेवेची पहिली पायरी चढलेल्याला. पुढे पुढे ‘क्लार्क’ म्हटलं की पाद्री की नाही हा प्रश्न मागे पडला आणि ‘ज्याला वाचता येतं तो’ हा अर्थ पुढे आला. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने ‘कँटरबरी टेल्स’ लिहिलं. त्यातल्या यात्रेकरूंमध्ये ऑक्सफर्डचा एक क्लार्क आहे. तो कुठल्या कचेरीत काम करत नाही. तो तर्कशास्त्र शिकलेला, अंगावर विरलेला कोट, खाली हडकुळा घोडा, आणि मिळेल तो पैसा पुस्तकांवर उधळणारा विद्यार्थी आहे. चॉसरच्या वाचकाला क्लार्क म्हटल्यावर डोळ्यांसमोर येत होता तो हा माणूस. इंग्रजांतली क्लार्क, क्लार्के ही आडनावंही त्याच काळची. विज्ञानकथा लिहिणारे आर्थर क्लार्क म्हणजे आपल्या हिशेबाने आर्थर कुळकर्णीच म्हणायचे.

फ्रेंच भाषेने हा जुना अर्थ अजून सोडलेला नाही. 1927 साली ज्युलियँ बेंदा या फ्रेंच लेखकाचं एक गाजलेलं पुस्तक आलं, ‘ला त्राइझाँ दे क्लेर’. शब्दशः भाषांतर केलं तर होईल ‘क्लार्कांचा विश्वासघात’, आणि वाचणाऱ्याला वाटेल की हे कुठल्यातरी खात्यातल्या भ्रष्टाचाराविषयी आहे! प्रत्यक्षात ते विचारवंतांविषयी आहे. सत्य आणि न्याय यांची राखण करायची सोडून विचारवंत राष्ट्राच्या आणि वर्गाच्या भांडणांत सामील झाले, हा बेंदाचा आरोप. त्याच्या लेखी क्लेर म्हणजे बुद्धीचा वसा घेतलेला माणूस.

आता त्या फाशीच्या दोराची गोष्ट. इंग्लंडमध्ये पाद्र्यांवर राजाच्या न्यायालयात खटला चालवायचा की चर्चच्या, यावरून बाराव्या शतकात राजा दुसरा हेन्री आणि आर्चबिशप टॉमस बेकेट यांच्यात मोठा झगडा झाला. 1170 साली बेकेटचा खून झाला आणि राजाला माघार घ्यावी लागली. पाद्री म्हणजे क्लार्क असला तर त्याला राजाच्या न्यायालयात देहदंड द्यायचा नाही, ही सवलत त्यातून पक्की झाली. तिचं नाव ‘बेनिफिट ऑफ क्लर्जी’. पण आरोपी खरंच क्लार्क आहे की नाही हे ओळखायचं कसं? सोपी युक्ती निघाली. त्याच्यासमोर लॅटिन बायबल ठेवायचं. वाचता आलं की क्लार्क, नाही आलं तर फाशी.

वाचायला द्यायचा उताराही बहुधा ठरलेला असे. एक्कावन्नाव्या स्तोत्राचं पहिलं कडवं, देवाकडे दया मागणारं. त्याला लोक ‘नेक व्हर्स’ म्हणू लागले, मान वाचवणारं कडवं. ज्यांना अक्षर ओळखता येत नव्हतं असे चोरही ते कडवं पाठ करून ठेवत. शेक्सपिअरचा समकालीन नाटककार बेन जॉन्सन याच वाटेने वाचला. 1598 साली त्याने गॅब्रिएल स्पेन्सर नावाच्या नटाला द्वंद्वात ठार मारलं. गुन्हा कबूल केला, कडवं वाचून दाखवलं आणि सुटला. मालमत्ता जप्त झाली आणि अंगठ्यावर डाग देण्यात आला. डाग एवढ्यासाठी की हा माणूस पुन्हा सवलत मागायला आला तर ओळखू यावा. आपण ज्या अंगठ्याला ‘अंगठाछाप’ म्हणून निरक्षरतेशी जोडतो, तोच अंगठा तिथे साक्षरतेची खूण झाला होता, ही मोठी गंमत आहे.

बायकांना पाद्री होता येत नसल्यामुळे ही सवलत त्यांना कितीतरी काळ नव्हती. सतराव्या शतकात टप्प्याटप्प्याने ती मिळाली. वाचनाची अट 1706 मध्ये गेली आणि इंग्लंडमधून ही सवलतच 1827 मध्ये रद्द झाली. तोपर्यंत संसदेने एक उपाय शोधला होता. ज्या गुन्ह्याला हटकून फाशी द्यायची, त्याच्या कायद्यात ‘विदाउट बेनिफिट ऑफ क्लर्जी’ असे शब्द घालायचे. खोटे दस्तऐवज करण्याच्या गुन्ह्यासाठी 1729 साली केलेल्या कायद्यात हे शब्द होते. आणि याच इंग्रजी कायद्याचा आधार घेऊन 1775 साली कलकत्त्यात महाराजा नंदकुमार याला फाशी देण्यात आलं. ज्या देशात ही सवलत कधी नव्हती, त्या देशातल्या माणसाला ती नाकारणारा कायदा लावला गेला. पुढे या शब्दप्रयोगाला विनोदी अर्थ आला : लग्नाचा विधी न करता एकत्र राहणारं जोडपं ‘विदाउट बेनिफिट ऑफ क्लर्जी’ राहतं असं म्हणू लागले. 1890 मध्ये रुडयार्ड किपलिंगने हेच नाव आपल्या एका कथेला दिलं. ती एक इंग्रज अधिकारी आणि त्याने घरी ठेवलेली हिंदुस्थानी मुलगी यांची कथा आहे.

हे सगळं सांगण्याचं कारण असं की क्लार्क या शब्दाची किंमत नेमकी कशावर ठरत होती, ते इथे लख्ख दिसतं. ती ठरत होती वाचता न येणाऱ्यांच्या संख्येवर. शंभरात दोघांना वाचता येत होतं तेव्हा वाचणारा माणूस देवाचा माणूस होता, त्याचा जीव घ्यायला राजाही कचरत होता. 1476 साली विल्यम कॅक्स्टनने इंग्लंडमध्ये छापखाना घातला. पुस्तकं वाढली, शाळा वाढल्या, वाचणारे वाढले. जे दहा जणांना येतं त्याचं कौतुक, जे दहा हजारांना येतं त्याचं कसलं? मग क्लार्क म्हणजे ‘विद्वान’ हा अर्थ झिजला आणि ‘दुसऱ्यासाठी लिहिणारा, नोंद ठेवणारा, नक्कल करणारा’ एवढाच उरला. धर्माकडचा अर्थ सांभाळायला ‘क्लर्जी’ हा शब्द वेगळा झाला. वाटणीत एक विशेषण मात्र सामाईक राहिलं. ‘क्लेरिकल’ म्हणजे पाद्र्यासंबंधी आणि क्लेरिकल म्हणजे कारकुनी! ‘क्लेरिकल कॉलर’ म्हणजे पाद्र्याच्या गळ्यातली पांढरी पट्टी आणि ‘क्लेरिकल स्टाफ’ म्हणजे आम्ही.

उच्चाराचाही थोडा इतिहास आहे. स्पेलिंगप्रमाणे तो ‘क्लर्क’ व्हायला हवा. पण जुन्या इंग्रजीत बऱ्याच शब्दांतला ‘अर’ हा ‘आर’ झाला. काही ठिकाणी स्पेलिंग बदललं, काही ठिकाणी राहिलं. इंग्रज ‘डर्बी’ लिहितात आणि ‘डार्बी’ म्हणतात, ‘सर्जंट’ लिहितात आणि ‘सार्जंट’ म्हणतात. त्यातलाच हा. पाद्र्याला म्हणतात तो ‘पार्सन’ आणि माणूस या अर्थाचा ‘पर्सन’ हे मुळात एकच, त्यांचीही फारकत अशीच झाली. अमेरिकेने स्पेलिंगला मान दिला आणि ‘क्लर्क’ म्हटलं. आपल्याकडे मराठीने इंग्रजांचा उच्चार कानाने ऐकून ‘क्लार्क’ घेतला, तर हिंदीने ‘क्लर्क’. मराठी आणि हिंदी जाहिरात शेजारी शेजारी ठेवून पाहा, एका कान्याचा फरक दिसेल.

वाक्प्रचारांतही शब्दाची चढउतार दिसते. इंग्लंडच्या संसदेत ‘क्लार्क ऑफ द हाऊस’ हे आजही फार मानाचं पद आहे आणि 1363 पासूनच्या क्लार्कांची नावं तिथे नोंदलेली आहेत. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाकडे ‘लॉ क्लार्क’ म्हणून वर्षभर काम करायला मिळावं यासाठी कायद्याचे हुशार पदवीधर धडपडतात, आणि त्याच अमेरिकेत दुकानात कापड दाखवणारा विक्रेताही क्लार्कच. ‘क्लार्क ऑफ वर्क्स’ म्हणजे बांधकामावर देखरेख करणारा. ‘क्लार्क ऑफ द वेदर’ हा तर काल्पनिक अधिकारी. पाऊस कधी पाडायचा हे ठरवणारा म्हणे आकाशातला एक कारकून. आमच्याकडे मिरगाला पाऊस वेळेवर आला नाही तर तिथल्या फाईलवर कोणी बसलं आहे असं समजायला हरकत नाही! आणि ‘सेंट निकोलसचे क्लार्क’ म्हणजे वाटमारे. संत निकोलस हा विद्यार्थ्यांचा पाठीराखा. गरीब, भटक्या विद्यार्थ्यांना दिलेलं हे नाव पुढे लुटारूंना चिकटलं. शेक्सपिअरच्या ‘हेन्री चौथा’ नाटकाच्या पहिल्या भागात ते याच अर्थाने येतं.

हिंदुस्थानात मात्र कंपनीच्या काळात वेगळाच शब्द चालत होता : ‘रायटर’. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतली ही सगळ्यात खालची पायरी. रॉबर्ट क्लाइव्ह 1744 साली मद्रासला उतरला तो असा रायटर म्हणूनच. कलकत्त्याची प्रसिद्ध ‘रायटर्स बिल्डिंग’ या तरुण कारकुनांसाठीच बांधलेली. पुढे हीच इमारत बंगाल सरकारचं सचिवालय झाली आणि 2013 पर्यंत मुख्यमंत्री तिथे बसत होते. त्याच कंपनीच्या लंडनमधल्या मुख्य कचेरीत चार्ल्स लॅम हा निबंधकार 1792 ते 1825 अशी तेहतीस वर्षं क्लार्क होता. हिंदुस्थानातून येणाऱ्या मालाचे हिशेब तो दिवसभर लिही आणि रात्री निबंध. आपले खरे ग्रंथ कचेरीच्या फळ्यांवर ठेवलेल्या खतावण्या आहेत, असा विनोद त्याने स्वतःवरच केला होता.

आपल्याकडचं याहून मोठं उदाहरण श्रीनिवास रामानुजन यांचं. 1912 साली ते मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये महिना तीस रुपयांवर क्लार्क म्हणून लागले. जानेवारी 1913 मध्ये त्यांनी केंब्रिजच्या हार्डी यांना ते जगप्रसिद्ध पत्र लिहिलं, त्याची सुरुवातच ‘मी पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यातला क्लार्क’ अशा अर्थाच्या ओळखीने होते. चॉसरच्या क्लार्कला तो कोण हे सांगायला एवढा शब्द पुरेसा होता. रामानुजनना त्या शब्दानंतर आपण आणखी कोणी आहोत हे सिद्ध करण्यासाठी पानंच्या पानं गणितं जोडावी लागली. शब्द पाचशे वर्षांत किती खाली आला, ते या दोन क्लार्कांवरून कळतं.

आता मराठीकडे येऊ. आपला ‘कारकून’ फारसी. ‘कार’ म्हणजे काम आणि ‘कुन’ म्हणजे करणारा. यात ना देव, ना विद्या, ना लेखणी, फक्त काम. लेखणीचा शब्द होता ‘नवीस’, म्हणजे लिहिणारा. चिठ्ठी लिहिणारा चिटणीस, फर्द लिहिणारा फडणीस, वाकिया म्हणजे घडामोडी लिहिणारा वाकनीस. आणि इथे इंग्रजीच्या उलट घडलं, म्हणजे हे लिहिणारे वर चढले. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी, 1674 साली, अष्टप्रधानांतल्या वाकनिसाला ‘मंत्री’ आणि सुरनिसाला ‘सचिव’ ही संस्कृत नावं मिळाली. पेशवाईत तर नाना फडणीस हे एका लेखनिकाच्या हुद्द्याचं नाव घेऊन सगळं राज्य चालवत होते. आज पर्वरीच्या सचिवालयात सगळ्यात वर बसतो तो सचिव आणि सगळ्यात खाली एलडीसी. दोघांची मुळं शोधत गेलं तर दोन्हीकडे दौत-लेखणी घेऊन बसलेला माणूसच भेटतो.

पण मराठीनेही कारकुनाची गय केलेली नाही. ‘खर्डेघाशी’, ‘कारकुनी डोकं’, ‘कलमबहाद्दर’ हे शब्द आपल्याच भाषेचे. सगळ्यात जहाल तो ‘कलमकसाई’, लेखणीने गळा कापणारा. हा शब्द ज्याने प्रथम उच्चारला त्याला कुठल्यातरी दप्तरात बराच मार पडला असला पाहिजे. या शब्दामागचा राग समजून घ्यायला हवा. ज्याला वाचता येत नाही त्याचं भवितव्य वाचता येणाऱ्याच्या हाती असतं. वाचणारा प्रामाणिक असेल तर तो आधार, नसेल तर कसाई.

गोव्यात ही गोष्ट आजही जुनी झालेली नाही. पोर्तुगीज काळात आमच्याकडे क्लार्क नव्हता, ‘एस्क्रिव्हांव’ होता, कोमुनिदादीत आणि न्यायालयात. आफोरामेंत, आल्वारा, मात्रीज हे शब्द त्याच्या लेखणीतून आमच्या तोंडी आले. 19 डिसेंबर 1961 नंतर कचेरीची भाषा इंग्रजी झाली. एस्क्रिव्हांव गेला आणि क्लार्क आला, पण कागद तेच राहिले. बापजाद्यांच्या घराचा कागद पोर्तुगीजमध्ये, 1968 च्या जमीन महसूल संहितेनंतरचा फॉर्म एक आणि चौदा इंग्रजीत, आणि ज्याचं घर तो माणूस बोलणार कोंकणी, वाचणार मराठी. इंग्रजी वर्तमानपत्र रोज वाचणारा सुशिक्षित गोवेकरही आजोबांच्या पोर्तुगीज दस्तऐवजापुढे निरक्षरच होतो. त्या क्षणी तो चॉसरच्या काळात जाऊन पोचतो आणि त्याला एक क्लार्क शोधावा लागतो.

त्यात नावांचा घोळ. एस्क्रिव्हांवाने कानाला पडलं ते पोर्तुगीज वळणाने लिहिलं. कामताचं ‘कामोतिम’ झालं, प्रभूचं ‘पोरोबो’, शेणैचं ‘सिनाय’. नंतर इंग्रजी क्लार्कने तीच नावं पुन्हा आपल्या कानाने लिहिली. बापाचं आडनाव एक, मुलाचं दुसरं, जमिनीच्या कागदावर तिसरं, अशी घरं गोव्यात गावोगावी आहेत. 1990 साली नाव आणि आडनाव बदलण्यासाठी खास कायदा करावा लागला, यावरून प्रश्नाचा आवाका कळेल. 1961 पूर्वीच्या जन्मनोंदीवरून जे लोक पोर्तुगालमध्ये नोंदणी करायला जातात, त्यांना तर एकेका अक्षरासाठी खेटे घालावे लागतात. कायद्याच्या भाषेत याला ‘क्लेरिकल एरर’ म्हणतात. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 152 सांगतं की निकालातली किंवा हुकुमातली लेखनाची किंवा आकडेमोडीची अशी चूक न्यायालय केव्हाही दुरुस्त करू शकतं. ‘क्लेरिकल’ म्हणजे क्षुल्लक, असा त्यातला भाव. चूक लिहिणाऱ्याला ती क्षुल्लक असते. ज्याचं नाव चुकलं त्याची त्यात एक पिढी जाते.

मॅकॉलेने आपल्याला क्लार्क बनवलं, हे आपलं आवडतं वाक्य. 2 फेब्रुवारी 1835 च्या त्याच्या टिपणात जो वर्ग त्याला हवा होता, तो राज्यकर्ते आणि कोट्यवधी रयत यांच्या मधल्या दुभाष्यांचा. त्याचा हेतू काय होता आणि इथल्या विद्येविषयी त्याने किती तुच्छतेने लिहिलं, ते सर्वांना माहीत आहे. पण दुभाषा हे काम स्वतः हलकं नाही. प्रश्न एवढाच की दुभाषा कोणाचा? सरकारचं म्हणणं लोकांना ऐकवणारा, की लोकांचं म्हणणं सरकारला नीट समजावणारा? काउंटरच्या आत बसलेल्या माणसाला हा प्रश्न रोज दहा वेळा सोडवावा लागतो. फॉर्म परत करताना ‘अपूर्ण’ एवढंच लिहायचं, की कुठला रकाना राहिला तो बोटाने दाखवायचा, इथे त्याचं उत्तर कळतं.

आता बहुतेक अर्ज संगणकावर आले आहेत. पुढे कारकुनाची गरजच राहणार नाही असं पुष्कळ लोक म्हणतात. तालुक्याच्या ठिकाणी झेरॉक्सच्या दुकानात जाऊन पाहा. संगणकासमोर एक मुलगा बसलेला असतो आणि शेजारच्या स्टुलावर आधार कार्ड मुठीत धरून एखादी म्हातारी. तो स्क्रीनवरचं इंग्रजी वाचतो, तिला कोंकणीत विचारतो आणि तिचं उत्तर इंग्रजीत भरतो. त्याला कोणी क्लार्क म्हणत नाही. पण ग्रीकांपासून चॉसरपर्यंत त्या शब्दाचा जो अर्थ होत गेला, तो त्या स्टुलावरच्या म्हातारीला कोणी समजावून सांगायची गरज नाही. तिच्यासाठी वाचता येणारा माणूस अजूनही देवमाणूसच आहे. तो तसा राहील की कलमकसाई होईल, हे वाचणाऱ्यानेच ठरवायचं आहे.